आखाजीचा रोल आणि आईची पुतळ्यांची माळ

मी, जीवराम तोताराम पाटील, वय ६१, ड्रॉइंगचा निवृत्त मास्तर, राहणार चोपडे, जिल्हा पूर्व खानदेश, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुरत्या शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे, कारण धाकटा भाऊ रुपचंद उद्या काय म्हणेल ते मला आजच ऐकू येते.

१. राहते घर पत्नी प्रमिलाबाईचे. धान्याच्या खोलीच्या फटींत मी कोंबलेले गोणपाट तिने खुशाल काढावे. तिथे भरदुपारी अंधार करून मी जुन्या फिल्म धूत असे. पहिली वाया गेली. पाणी गरम, त्यामुळे वरचा थर सायीसारखा सुटून आला. माठातले गार पाणी कुणी बदलले, असे मी विचारले. ती म्हणाली, "अहो, आते माठबी चोर शे का?" पाणी मीच हौदातून घेतले होते. हे तिला अजून सांगितलेले नाही.

२. बॉक्स कॅमेरा, थाळ्या व लाल दिवा शाळेला.

३. विहिरीलगतची दोन एकर केळी बहीण भिकुबाई, राहणार भडगाव, हिला. कारण लिहिणे भाग आहे. १९४३ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली होती. ती गेल्यावर आठ दिवसांनी आई तापाने वारली, आणि आईची पुतळ्यांची माळ सापडली नाही. जाताना भिकुबाईचे सांजोऱ्यांचे गाठोडे फार जड होते, असे मी दहाव्याला नदीवर, भाऊबंदांसमोर बोललो. त्यानंतर ती माहेरी आली नाही. त्या दिवसांचे रोल लढाईत फिल्म धुण्याची औषधे मिळेनात म्हणून डब्यात पडले, पुढे माझ्या रागामुळे.

यंदा चैत्रात मी आखाजीचा रोल धुतला. धुरकट आहे, पण दिसते. मागे वळणावर भिकुबाईला नेणारी बैलांची दमणी, पुढे दारात आई, आणि आईच्या गळ्यात माळ.

फोटो घेऊन भडगावला गेलो. भिकुबाईने आईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "फोटोवर भरोसा शे तुना, भाऊ, सख्खी बहीणवर नही. मन्ह्या पंधरा आखाज्या आते कोन दी?" जमीन नको म्हणाली. तरी सातबाऱ्यावर नाव तिचेच लागावे.

४. उरलेली शेती रुपचंदला. हे लिहिताना हात अडला. भडगावहून परतताना मोटारीतच मला आठवले, की शेवटचे आठ दिवस आईच्या उशाशी तोच होता. प्रमिलाबाई म्हणाली, "एक बहीण गमाडी, आते भाऊबी गमाडतस का?"

पुरावा नाही. मात्र त्या आठ दिवसांत आईला भेटायला आलेल्यांचे फोटो मी काढले होते. माळ कोणत्या दिवसापर्यंत आईच्या गळ्यात होती, ते त्यात दिसेल. तो रोल न धुतलेला, माझ्या ट्रंकेत आहे. धुण्यासाठी तीनदा औषध कालवले, तीनदा ओतून दिले.

माझ्या दहाव्याच्या आत साक्षीदार चुडामण यांनी तो रोल रुपचंद व भिकुबाई यांच्यासमोर, अंगणात, उन्हात पुरता उलगडावा. ऊन लागलेल्या फिल्मवर पुढे काहीही उमटत नाही. हे काम मी आजही करू शकतो. केलेले नाही, एवढे खरे. तो रोल त्याआधीच धुतलेला आढळला, तर तो मीच धुतला असे समजावे. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नये.

सही: जीवराम तोताराम पाटील

साक्षीदार: १. चुडामण कौतिक पाटील (सही)
२. पुना झुलाल महाजन (डाव्या अंगठ्याचा ठसा)

चोपडे, ता. ९ जून १९५८