थोरल्यावरचा रंग

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा चार वेळा निसटला. चौथ्यांदा फरशीचा टवका उडाला. तीन किलोचं लोखंड, आणि माझ्या बोटांत राहीना.

मनगटाचं प्लास्टर काढून दीड महिना झाला. व्यायाम शिकवणारी मुलगी रबरी चेंडू देते — दाबा आजी, दाबा. चेंडू दाबून किटली उचलली जात नाही. म्हणून यांचे व्यायामाचे लोखंडी ठोकळे काढले, थोरला आणि धाकटा. ना कडी, ना दांडा. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा, चिमटीत धरायचं आणि वर. हे थोरला उचलत — वीस किलोचा. रोज सकाळी, व्हरांड्यात. चहा गाळता गाळता मी मोजत असे. दहा झाले की कप पुढे.

थोरला अजून तिथेच कोपऱ्यात आहे. मी त्याच्या कडेकडेनं फरशी पुसते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाचा फोन. गेल्या महिन्यात उकळतं पाणी पायावर सांडलं, ते त्याच्या कानावर गेलं. "आई, पुरे झालं आता. पंधरा तारखेला येतो. भरलेली किटली उजव्या हातानं उचलून चहा ओतून दाखव. नाही जमलं तर हे घर बंद, आमच्याकडे यायचं."

त्याचं चुकत नाही. खोली देतील, खोलीला खिडकीही आहे. पण त्या घरात हे कुठेच नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

यांचा खडूचा डबा सापडला. पांढरी भुकटी, तळव्यावर चोळायची. "घाम पितो तो," हे म्हणत. हाताला फासला, ठोकळ्याला फासला. पहिल्यापेक्षा जास्त निसटला.

डब्याच्या झाकणावर आतून यांचे अंगठे उठले आहेत. पुसले नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

भावजी आले. हे कारखान्यात ओतकामाला, भावजी लेथवर — चाळीस वर्षांची जोडी. माझे हात पाहून म्हणाले, "वहिनी, खडू लावलाय की भिंतीला चुना फासलाय?"

मग बोटानं धाकट्यावर रेघ ओढून दाखवली. "खडू लोखंडाच्या खरखरीत कणीत बसतो. हा तेलरंग. याच्यावर खडू म्हणजे काचेवर पीठ. आधी रंग खरवडा."

रंग यांनीच दिला होता, जाण्याआधी वर्षभर. मला तेव्हाही नवल वाटलं होतं. जन्मभर सांगत आले की लोखंडाला रंग फासणं म्हणजे पहिलवानाला तेल चोपडून दोरावर चढवणं. आणि एका दुपारी दोन्ही ठोकळे काळे, चकचकीत. विचारलं तर, "गंज धरतोय."

म्हटलं, भावजी, थोरल्याचाही काढून द्या. ते चपला शोधायला लागले. "त्याला राहू द्या. तुम्हाला काय वीस किलो उचलायचेत?"

११ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्याचा रंग निघाला. हौसेला मोल नाही — वर बारीक पॉलिश पेपर मारला. तोंड दिसायला लागलं त्यात. आणि पुन्हा निसटतो!

भावजी फोनवर हसत सुटले. "आरसा केलात वहिनी. आता मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज चढू द्या, मग तारेच्या ब्रशनं झाडा. गुळगुळीत नको, बोचरंही नको."

वाचायला मी लग्नानंतर शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून. पुढे वाचनालय लागलं. ओतकामावरचं पुस्तक आणलंय. वाळूच्या साच्यातून निघालेल्या लोखंडावर त्या वाळूची खूण राहते, असं लिहिलंय. ती कातडीच मी सोलून काढली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकटा टिकला. मोजून सात. खडू चिमूटभर, तोही झटकून.

भरलेली किटली मात्र नाही. मनगट कलतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलगा-सून आले. किटली मी आधीच गॅसवर ठेवली होती. झाकण लावून. अर्धी.

उचलली, तिघांचे कप भरले, थेंब सांडला नाही. "उगाच घाबरलो," मुलगा म्हणाला. सूनबाई म्हणाली, "आईंनी तर कुस्तीच मारली." राहा म्हणाले इथेच.

ते गेल्यावर कप विसळायला दुपार घालवली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

थोरल्याचा रंग काढायला घेतला. यांची बोटं जिथे बसत तिथली कणी बघायची होती. स्टूल ओढून तिथेच बसले, ब्रश चालवला.

भिंतीकडच्या अंगाला रंगाखाली एक गोल रेघ. बशीएवढी. नख फिरवलं, जोड लागला. ब्रशच्या दांड्यानं ठोकलं. कडेला टण्ण वाजलं, मधे रिकाम्या डब्यासारखं.

खडू लावला. उजव्या हातानं, मोडलेल्या, चिमटीत धरला.

आला वर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भावजींना बोलावलं. थोरला टेबलावर ठेवला होता. बघितला आणि उभेच राहिले. चहा घेतला नाही.

"अंगठ्यातला जोर जायला लागला होता त्याच्या. म्हणाला, आतून पोकळ कर, बाहेरून कळता कामा नये. जोड झाकायला रंग दिला. रंगानं आणखीच निसटायला लागला, मग आणखी पोकळ केला. तीनदा बसवला लेथवर. शेवटी चार किलो भरत होता, वहिनी."

"आणि डॉक्टर?"

"शंभरदा म्हटलं. म्हणायचा, ती सकाळी मोजते ना, तेवढं चालू राहू दे."

त्या वर्षी यांच्या हातून तीन कप फुटले. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, वीस किलो उचलता आणि कप धरवत नाही? घरात लक्षच नाही तुमचं. हे हसले. मला ते हसणं तोऱ्याचं वाटलं, दोन दिवस बोलले नाही.

मी दहापर्यंत मोजत होते आणि हात बघतच नव्हते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काही लिहावंसं वाटत नाही. धाकटा सात वेळा. थोरला एकदा.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलाला बोलावून घेतलं. किटली त्याच्यासमोर नळाखाली धरली, काठोकाठ भरली, ओट्यावर ठेवली. उचलली नाही.

म्हटलं, गेल्या रविवारी अर्धीच होती रे.