हळद लावून पाठवलेली गाय

आप्पा,

तुमच्या पांढऱ्या गायीच्या पणतीला मी नेपाळात पुरून आले. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, पाणी पिऊन आले आणि पुन्हा वाचलं. तरी ते दुसऱ्याच कुणाच्या घरचं वाटतं. जन्मभर मुलांना संस्कृत शिकवून माझी अशी समजूत झाली होती की वाक्य नीट लागलं की अर्थ आपोआप लागतो. इथे कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, आणि डोकं मात्र बधिर आहे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ‘आधी अन्वय लाव, मग रड.’ सीमेपलीकडच्या एका पशुप्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं. देशी गायींच्या वर्गात आपली थारपारकर उभी करायची, पंचांसमोर फिरवायची आणि परत आणायची. तुमच्या जावयांना बबीन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झाल्यापासून हुकूम सोडायला कुणी उरलं नव्हतं. त्यांना गाय मिळाली. दाव्याने चालायचं, थांबायचं, चारी पाय सारखे टेकवून उभं राहायचं, सगळं त्यांनी तिला शिकवलं. ‘सावधान’ म्हटलं की ती खरोखर मान वर करायची. ‘तुझ्यापेक्षा लवकर शिकली,’ असं ते मला म्हणाले, आणि त्या दिवसांत मी या असल्या विनोदांनाही हसत होते. तुम्ही झाशीत वाढवलेला गायींचा वंश देशाबाहेर दिसणार होता ना! लसी झाल्या, रक्त तपासून झालं, परवानग्या आल्या.

आईने मात्र अट घातली. ‘हळद लावल्याशिवाय गाय वेशीबाहेर जायची नाही. त्यांनी कधी नेली का?’

तुम्ही कधीच नेली नाहीत. बरुआसागरच्या जनावरांच्या जत्रेला निघायच्या आधीची ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही रेल्वेच्या हपिसातून रजा टाकून धोतर खोचून गोठ्यात बसला आहात. वाटीत हळद आणि गोडं तेल आहे. पांढऱ्या गायीच्या मानेपासून शेपटीपर्यंत तुमचे हात फिरतायत आणि ती डोळे मिटून उभी आहे. मी बोट लावून पाहायला जाते तर हातावर चापट बसते. ‘हळदीची गाय म्हणजे नवरी. पोहोचेपर्यंत हात लावायचा नाही, धुवायचं नाही, पुसायचं नाही.’ मी विचारते, ‘हे कुठल्या ग्रंथात आहे?’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘तुझ्या आजीच्या.’ त्या ग्रंथापुढे मी तेव्हाही गप्प बसले आणि आत्ताही.

प्रदर्शनवाल्यांनी रोज खरारा करायला सांगितलं होतं. ब्रश मारायचा आणि मग तळहात अंगभर फिरवायचा. तुमचे जावई ते नेमाने करत होते. हळद लागली आणि खरारा थांबला. त्यांनी कुरकुर केली, ‘अहो, कागदावर पांढरी गाय लिहिलीय. ही तर पिवळीधमक झाली.’ आई खाटेवरून म्हणाली, ‘जावईबापू, तुमच्या फौजेत नवरीला खरारा करतात वाटतं?’ सुभेदारांनी ब्रश खुंटीला अडकवला. मग रोज आई काठी टेकत गोठ्यात यायची आणि आखडलेल्या बोटांनी वरून आणखी हळद थापायची. तिच्या बोटांना आता गरम भांडंसुद्धा कळत नाही, आप्पा. पण त्या आठवड्यात ती इतकी खुशीत होती की तुम्ही गेल्यानंतर मी तिला तशी पाहिली नव्हती. कुठली तरी गाण्याची ओळ गुणगुणायची, निम्मी मराठी, निम्मी बुंदेली.

ट्रक खंडेराव गेटपाशी उभा होता. चालकाने पिवळी गाय पाहिली, आईचे डोळे पाहिले आणि विचारलं, ‘काय अम्मा, बिटिया की बिदा हो रई का?’ आई म्हणाली, ‘हाँ भैया, ससुराल दूर है, धीरे चलाना.’ त्याने खरंच हळू चालवला. वाटेत गायीने चारा निम्माच खाल्ला. आम्ही म्हटलं, हादऱ्यांनी असेल. डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही म्हटलं, वारा असेल. गाय बोलत नाही तेव्हा तिच्या वतीने बोलायला दोन शिकलेली माणसं पुरतात.

सीमेवर गंमत पाहा. आम्हा दोघांना कुणी नावगावसुद्धा विचारलं नाही. भाजीवाल्या, सायकलवाले, शाळेची पोरं ये-जा करत होती. कागद लागले ते फक्त गायीला. ‘आपल्या घरात परदेशी जायच्या योग्यतेची ही एकटीच,’ असं मी म्हणाले आणि आम्ही हसतच पलीकडे गेलो. तो माझा शेवटचा विनोद. तिकडच्या तपासणीच्या शेडमध्ये एक पशुवैद्य बाई होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. गायीकडे बघून त्या जागीच थांबल्या.

‘दीदी, ये हल्दी किसने लगाई?’

‘मेरी माँ ने. हमारे यहाँ शुभ मानते हैं.’

‘लोग गाँठें छुपाने के लिए लगाते हैं.’

जावयांचा आवाज चढला. ‘मैडम, हम फौजी आदमी हैं!’

‘गाय तो फौजी नहीं है न,’ त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. ‘धोइए.’

आम्ही धुतलं. कोमट पाणी, साबण, पुन्हा पाणी. पिवळा ओघळ शेडच्या नालीतून जात होता. मानेवर माझा हात थांबला. सुपारीएवढं काहीतरी होतं. शेजारी आणखी एक. खांद्यावर, मांडीवर, कासेच्या वर. लंपी, जनावरांचा गाठींचा साथरोग. बाईंनी हातमोजे घातले, एकेक गाठ चाचपली आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा संशय गेला. संशय होता तोवर बरं होतं, आप्पा. आम्ही लबाड नाही, आम्हालाच माहीत नव्हतं, हे त्यांना कळलं, आणि त्या एकदम मऊ बोलायला लागल्या. 

गायीला पुढे जाता येईना, मागेही येता येईना. शेडच्या टोकाला वेगळी बांधली. लस दिली तरी हा रोग कधीकधी होतो, असं तिथले लोक म्हणाले. इंजेक्शनं झाली, ताप उतरेना. जावई लांब उभे राहून हळूच ‘सावधान’ म्हणायचे. पहिल्यांदा तिने मान उचलली. नंतर नुसता कान हलवला. नंतर तेही नाही.

चुना टाकून खोल पुरली. शिंगांना ह्यांनी चमकवायला लावलेलं तेल तसंच होतं. मी बाईंना विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या हातमोजे काढत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. ‘घर पर पता चल जाता तो अक्सर बच जाती हैं, दीदी. सफ़र ने तोड़ दिया.’ म्हणजे तळहात फिरत राहिला असता तर. म्हणजे हळद नसती तर. मी हे दोन पोटवाक्यांत मांडू शकते, पण त्यांचं मुख्य वाक्य घरी खाटेवर बसून आमची वाट पाहत होतं.

आम्ही परत निघालो. झाशी जवळ आल्यावर जावई म्हणाले, ‘आईंना काय सांगायचं?’ मी म्हटलं, ‘जे खरं नाही ते.’ मग मी आईला सांगितलं, गाय पहिली आली. त्या लोकांनी अशी पिवळी गाय कधी पाहिलीच नव्हती, पायाच पडले, ठेवूनच घेतली. आई आधी रुसली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘मी म्हणत होते ना, जावईबापू?’ जावई ‘होय’ म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. तो माणूस सीमेवर वर्षानुवर्षं उभा राहिलेला आहे. एवढ्या वेगाने मागे फिरताना मी त्याला पाहिलेलं नाही.

गायीच्या मागे तिची वासरी आहे. गायीसारखीच पांढरी. तिला लस दिली आहे, तिला काही झालेलं नाही. पण आईने ठरवलंय की पुढच्या वेळी हिला पाठवायचं, आणि आत्तापासूनच अंगाला सवय हवी. रोज सकाळी ती काठी टेकत गोठ्यात जाते, वासरीला हळद लावते, तुमच्यासारखीच मानेपासून शेपटीपर्यंत. मी शेजारी उभी असते. तिला थांबवायला एक वाक्य पुरेल, आणि ते वाक्य तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच वाचलंत.

हे पत्र कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. ती जावयांनाही माहीत नाही. दुपारी आई झोपली की मी वासरीला कोमट पाण्याने धुऊन काढते आणि डोळे मिटून तळहात तिच्या अंगभर फिरवते, बोटभर जागा सोडत नाही. संध्याकाळी आई पाहते आणि म्हणते, ‘हल्ली हळदीला रंगच राहिला नाही गं.’

मी म्हणते, ‘हो आई, फार भेसळ करतात.’