दगडी गादी आणि मी

३ जानेवारी, सकाळी ७
मैदानाच्या गेटपाशी स्मारक होणार. दगडी गोलपोस्ट, खांबाला दगडी गादी. आदळून कुणाला लागू नये म्हणून खांबाला गादी बांधायचा शोध आमच्या शाळेतला, आणि तिथला खेळाचा मास्तर मी. गाद्या शिवल्या हिने, पण शिवणं म्हणजे शोध नव्हे. शिवाय ही जाऊन सहा वर्षं झाली, तिला आता नावाचं काय! संकल्प: नम्र राहायचं.

५ जानेवारी
स्मारकाच्या कमिटीला अर्ज दिला. शोधकर्ता मीच.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईने घरातल्या गाद्या उसवून त्या शिवल्या, आपण वर्षभर सतरंजीवर झोपलो. म्हटलं, बरोबर, त्या त्यागात माझाही वाटा आहे. फोन कट. नेटवर्क भिकार.

९ जानेवारी
मुलाखत. अध्यक्षा म्हणजे आमचीच जुनी गोलकीपर, आता दातांची डॉक्टर. कपाळावर टाक्यांची खूण, आमच्याच खांबाची. तिने विचारलं, सर, एका खांबाला कापूस किती लागतो? सांगितलं, असले तपशील कारागिरांना विचारायचे. मग पुरावा मागितला. म्हटलं, ऑफिसातल्या फायली काढा, मी सगळं लेखी करणारा माणूस.

१२ जानेवारी
सापडला! गाद्या बांधल्या त्याच वर्षीचा कागद, खाली माझी सही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शब्दन् शब्द दगडात कोरू का, लेखी परवानगी द्याल? वाचून बघा म्हणाल्या. आपलंच लिखाण आपण काय तपासायचं? दिली सही ठोकून.

२ फेब्रुवारी
कोट ड्रायक्लीनला. भाषण पाठ. 'मी निमित्तमात्र' दोनदा घेतलंय. मुलगी येतेय, तीही आपणहून. शेवटी रक्ताचं नातं.

८ फेब्रुवारी
उद्घाटन झालं. पुढच्या बाजूला हिचं नाव. मागे माझा कागद. मुलीने तो माइकवर वाचला, सावकाश.
'मा. मुख्याध्यापक, खांबांना गाद्या बांधल्याने मैदानाचं हसं झालं आहे. त्या आजच काढून जाळाव्यात. पोरांची डोकी फुटली तर फुटू द्यावीत, त्याशिवाय गोलकीपर घडत नाही. शिवणारी बाई माझी पत्नी असून तिला अक्कल नाही.'
लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त लागलं. मुलगी मला न भेटताच गेली. भाषण खिशातच राहिलं.
सगळे पांगल्यावर दगड घडवणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मागची बाजू उन्हापावसाने झिजेल ना हळूहळू? तो म्हणाला, काळजीच सोडा मास्तर, दगड एक नंबर आहे, दोनशे वर्षं काही होत नाही.