अस्वलाचं कातडं पाठीवर असताना

मी, इमेट हॉफ्लंड, वय चौऱ्याहत्तर, राहणार फर्न क्रीक, उत्तर आयडाहो, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात दुसरं कोणी नाही.

कलम १. माझं लाकडी घर आणि भोवतालची अकरा एकर जमीन, माझा धाकटा भाऊ कै. रॉस्को याची पत्नी वर्ना हिला मिळावी. कलम ४ वाचल्यावर तिला ती नको असेल, तर डोंगरवाटा दुरुस्त करणाऱ्या आमच्या गावच्या मंडळाला द्यावी.

कलम २. रायफल आणि कातडं सोलायचे दोन्ही सुरे शेजारच्या कॅल्विन प्रू याला. अट अशी: अस्वल खाली आणताना वरून ताडपत्री घालायची. माणसं भेटली की रायफल रिकामी करायची. आणि घोडी किंवा खेचरं समोरून आली, तर वाटेच्या उताराकडच्या बाजूला, दिसेल असं उभं राहून मोठ्याने बोलायचं. काहीही बोल, कॅल्विन. हवापाण्याचं बोल. जनावराला कळलं पाहिजे की हा माणूस आहे.

कलम ३. जुना हिशेब. १९९८ च्या मे महिन्यात मी मारलेलं काळं अस्वल गाडीत उघडंच टाकून वाटेच्या तोंडाशी उभा होतो. तेवढ्यात शाळेची सहल उतरली. रॉस्को पाहुण्यांना घोड्यावरून डोंगरात न्यायचा. तोही तिथेच होता.

"अरे, झाक ना ते," तो म्हणाला. "पोरं रडायला लागलीत."

"परवाना आहे माझ्याकडे. बघवत नसेल तर घरी बसा म्हणावं."

त्याने अंगातला कोट काढून अस्वलावर टाकला. मी तो उचलून चिखलात फेकला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चूक माझी होती. हे आजवर कुठेही लिहिलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही.

२२ मे २००४. संध्याकाळी मी अस्वलाचं कातडं आणि मांस पाठीवर घेऊन उतरत होतो. खालून खेचरांच्या घंटा ऐकू आल्या. रॉस्को घोडीवर, मागे दोन खेचरं. वाट अरुंद, एका अंगाला कडा. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. मी वरच्या अंगाला चढलो आणि फर नावाच्या सूचिपर्णी झाडाआड गप्प उभा राहिलो. संध्याकाळी वारा वरून खाली वाहतो. मी शिकारी आहे; मला ते ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

घोडी थबकली, कान टवकारून फुरफुरली. "काय झालं गं?" तो तिला म्हणाला. मग मोठ्याने, "कोण आहे तिकडे?"

मी उत्तर दिलं नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मी तरीही गप्प. घोडी मागच्या पायांवर उठली आणि दोघं कड्यावरून खाली गेले.

मी पोचलो तेव्हा तो जिवंत होता. पाठीवरचं कातडं बघितलं, मग माझ्याकडे. "तू होतास होय," म्हणाला. "मग बोलायचंस ना, लेका."

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

गावाला मी एवढंच सांगितलं की घोडीला अस्वलाचा वास आला. भावाला खांद्यावर घेऊन सहा मैल उतरलो म्हणून लोकांनी माझे हात हातात घेतले. आणि वर्ना, तू एकवीस वर्षं दर रविवारी सूप आणि मक्याचा पाव घेऊन येतेस आणि म्हणतेस, "तो एकटा गेला नाही. तू होतास जवळ. तेवढंच समाधान."

मी होतो जवळ.

कलम ५. आज रविवार. वरचं सगळं मी वर्नाला वाचून दाखवलं. मेल्यावर वकिलाने वाचावं असा आधी बेत होता. ती सूप वाढत होती, मला पुढे ढकलवेना.

तिने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "दोनदा विचारलं त्याने?"

"दोनदा."

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. तिने गाडी सुरू केली नाही. अर्ध्या तासाने परत आली, कोट न काढता उभी राहिली. "घर नको मला. खोड माझं नाव."

मी तिच्यासमोर कलम १ मधलं तिचं नाव खोडलं. घर आणि जमीन मंडळाला.

"साक्षीदार कोण?"

"ग्लेनिस येतेय पलीकडून. दोघं लागतात, दुसरं कोणी मिळालं नाही. ज्याला वाटा आहे त्याची सही चालत नाही."

"मला आता वाटा नाही," ती म्हणाली. "दे पेन."

फर्न क्रीक, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

लिहून देणार: इमेट हॉफ्लंड

आमच्यादेखत सही केली:

१. ग्लेनिस ओडेल, शेजारीण

२. वर्ना हॉफ्लंड, रॉस्कोची बायको. कलम ४ मी इमेटच्या तोंडून ऐकलं. पुढच्या रविवारी मी येणार नाही.