टोपीतला पक्षी

सौ. धाकटीच्या आईस,

मी खुशाल आहे. खोकला होता, तो कमी होतोय.

काल कारखान्यामागच्या झाडीतला एक इवलासा गाणारा पक्षी खिडकीच्या काचेवर आपटून निपचित पडला. मी त्याला टोपीत घेऊन बसलो. मुकादम म्हणाला, "काका, आता अंगाईही म्हणा." पण माझं मशीन त्यानेच सांभाळलं. घटकाभराने पक्षी उडाला आणि फांदीवर बसून गायला लागला.

धाकटी ग्रेस मार्कांवर पास झाली म्हणून तू अबोला धरलास आणि तिने गाणं सोडलं, असं थोरलीने कळवलं. अगं, देवापुढे हात जोडून आपणही रोज ग्रेसच, म्हणजे कृपाच, मागतो ना? पोरीला जवळ घे. ती गुणगुणायला लागली, की मला फोन लावून नुसतं ऐकव.

तुम्हा सगळ्यांचा,
धाकटीचा बाबा