आठ दिवसांची मुदत

३ नोव्हेंबर
आजपासून शाळेच्या ई-डायरीचा समन्वयक मी. (दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, पण तो मुद्दा वेगळा.) मुख्याध्यापिका विदोसावाबाई म्हणाल्या, सहायक मुख्याध्यापकाची जागा डिसेंबरच्या सभेत भरायची आहे, काम बघून ठरवीन. ‘काम’ म्हणताना माझ्याकडे पाहिलं. शेजारी गणिताच्या देसांकाबाई बसल्या होत्या, पण पाहिलं माझ्याकडेच. बारा वर्षं भूगोल शिकवतोय. ही जागा मला हवी आहे.
संकल्प: हजेरी, गुण, सगळं त्याच दिवशी भरायचं. कागद बंद.

६ नोव्हेंबर
तीन दिवसांच्या नोंदी राहिल्या. नेट स्लो. देसांकाबाई अजून निळ्या वहीत अधिक-उणे मांडतात, तीन अधिक झाले की पोराला पाचपैकी पाच गुण. मग तेच घरी बसून ई-डायरीत उतरवतात. कीव आली.

११ नोव्हेंबर
सरकारी सुट्टी. नोंदी करायला उत्तम दिवस. झाल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर
आज डोकं चाललं! मूल गैरहजर राहिलं की पालकांना कारणाची चिठ्ठी शाळेत द्यायला आठ दिवसांची मुदत असते. मी ती माझ्या वर्गापुरती काढून टाकली. आता दुपारी एकला आपोआप मेसेज: ‘आपला पाल्य विनाकारण गैरहजर. वर्तणुकीचा शेरा खाली येईल.’ खाली माझं नाव. विदोसावाबाईंनी विचारलं, मुदत का काढलीत? म्हटलं, निमित्त शोधायला आठ दिवस लागतातच कशाला? त्या ‘हं’ म्हणाल्या. कौतुक होतं त्या ‘हं’मध्ये.

२८ नोव्हेंबर
देसांकाबाईंनी जिन्यात गाठलं. “बुदिमिर, एकोणीस डिसेंबरला संत निकोला. अर्ध्या गावाची स्लावा. पोरं घरीच राहणार, त्यांना रजा असते. त्यांची यादी आधी भरून ठेव बाबा, नाहीतर तुझं ते यंत्र बोंब मारेल.”
माझ्याच घराण्याचा संत, दरवर्षी घरी त्याचा सण, आणि ही बाई मला तारीख सांगते! दहा मिनिटांचं काम आहे, म्हटलं.

१५ डिसेंबर
रजेच्या सतरा चिठ्ठ्या आल्या. (एक आमच्या नेवेनाची, ती माझ्याच वर्गात.) टेबलाच्या खणात नीट ठेवल्या. यादी उद्या.

१८ डिसेंबर
मासे आणायला गेलो. उपासातली स्लावा, मटण चालत नाही. बायकोने, झोर्काने, यादी दिली होती: कार्प, पांढरा घेवडा, अक्रोड, मेणबत्ती. एकही वस्तू विसरलो नाही. यादीच्या बाबतीत मी पक्का आहे.

१९ डिसेंबर, सकाळी
रजा. पादरीबाबा आले, पाव कापला, मेणबत्ती लावली. स्लावाला आमंत्रण नसतं, यायचं तो येतो. विदोसावाबाई येणार असं कळलंय. शुभशकुन.

१९ डिसेंबर, दुपारी तीन
लिहायचं जिवावर आलंय.
बाई साडेबाराला आल्या. राकियाच्या दारूचा पेला उचलून म्हणाल्या, या घरात शिस्त दिसते. मी लगेच दुसरा भरला. एक वाजता झोर्काचा फोन वाजला. तिने हातात माशाचं ताट घेऊन मोठ्याने वाचलं: “‘आपला पाल्य नेवेना विनाकारण गैरहजर.’ अरे बुदिमिर, पोरगी इथे सूप वाढतेय! आणि खाली तुझंच नाव!”
पाहुणे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.
मग बाईंचा फोन वाजला. मग परत. सतरा घरं, सतरा मेणबत्त्या. बेकरीवाल्या मिलुतिनचा आवाज तर भिंतीपर्यंत ऐकू आला: “बाई, पादरीबाबा समोर बसलेत. त्यांना काय सांगू, मी संताला विनाकारण बोलावलंय?”
बाईंनी कॉफी घेतली नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

२३ डिसेंबर
सभा. जागा देसांकाबाईंना. टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं, फार वाटलं. आठ दिवसांची मुदत पोरांना परत मिळाली.
पण विदोसावाबाई म्हणाल्या, “तुमची कल्पना वाया नाही घालवणार. आता ती शिक्षकांना लावू. ज्याच्या रजेचा अर्ज नाही त्याला आजपासून आठ दिवस, मग मेसेज.” म्हणजे कल्पना मुळात चांगली होती. संध्याकाळी झोर्काला हे तीनदा सांगितलं.

२९ डिसेंबर
पोरांच्या सतरा गैरहजेऱ्या दुरुस्त केल्या. काहीतरी राहिलंय असं वाटतंय. आठवेल.

१ जानेवारी
सकाळीच मेसेज: ‘बुदिमिर, १९ डिसेंबर: रजेचा अर्ज मिळाला नाही. विनाकारण गैरहजर. – सहायक मुख्याध्यापिका.’
देसांकाबाईंना फोन केला. म्हटलं, बाई, त्या दिवशी संध्याकाळी तुम्हीच माझ्याकडे कार्प खाऊन गेलात!
“खाल्ला की. छान होता,” त्या म्हणाल्या. “पण निमित्त शोधायला आठ दिवस दिले होते ना, बाबा? बरं, आण अर्ज. बघते.”
नेवेनाने विचारलं, “बाबा, आता तुमचा वर्तणुकीचा शेरा खाली येणार?”
मी तिच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि अर्ज लिहायला बसलो.