बाजूची कळ

प्रिय भुंग्या,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तीनदा कागद घेतला आणि तीनदा फाडला. माझी शाळा चौथीपर्यंतची, ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचं वैर, तेव्हा चुका सांभाळून वाच. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे माझ्या तोंडातून निघणार नाही. कागदाचं बरं असतं, तो मधेच उलटून बोलत नाही.

दात बसवून घेतलास का? पुढचा दात आहे, उघडा राहिला की हवा लागून कळा येतात. दुकानासमोर पडलेला तुकडा मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवला आहे. कशासाठी ते विचारू नकोस, टाकवत नाही एवढंच. जेवतोस ना वेळेवर? खोलीला कडी नीट लागते का? तुझी ताई म्हणते, बाबा, तुम्ही काळजीचं दुकान काढा, धार लावण्यापेक्षा बरं चालेल. म्हणू दे. तिला काय जातं.

दुकान उघडतो मी. चाक फिरवतो. सुऱ्या येतात, न्हाव्याचे वस्तरे येतात. शिंपी मात्र येत नाही. तू गेल्यावर चौथ्या दिवशी त्याची बायको आली होती. पदर खोचलेला, हातात त्याच्या दोन्ही कात्र्या. मला वाटलं धारेला आणल्या. तिने पहिली माझ्या तोंडावर फेकली, ती कानाजवळून गेली आणि मागच्या भिंतीवर आपटली. दुसरी दाराच्या चौकटीत घुसली, बोटभर आत. म्हणाली, "घ्या मामा, आता तुम्हीच शिवा लोकांचे कपडे. माझ्या नवऱ्याला अंगठा नाही राहिला कात्रीत घालायला." ती कात्री अजून चौकटीतच आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो, असू दे.

तुला तर ठाऊक आहे, मला तो बोलका डबा पहिल्यापासून नको होता. पैसे फोनमधून यायचे आणि डब्यातली बाई गोड आवाजात सांगायची, पैसे मिळाले. सगळा बाजार तिला माझी सूनबाई म्हणायला लागला. तू लग्नाचं नाव काढत नाहीस म्हणून शिंप्याने काढलेली ती खोडी. "मामा, सूनबाईचा आवाज गोड आहे हो, स्वयंपाक येतो का?" हसायचो आम्ही. अर्ध्या बाजाराला तूच ते डबे घ्यायला लावलेस, तुझ्याच कंपनीचे. मी म्हणायचो, नोट हातात आली की व्यवहार मिटला. तू म्हणायचास, बाबा, नोटेवरून काय कमी मारामाऱ्या झाल्या? खरं होतं ते. तुझ्या जन्माच्या आधी सुट्ट्या पैशांवरून मीच एका भंगारवाल्याला त्याच्याच पाटीवर आपटलं होतं, त्याच्या कपाळाला चार टाके पडले. तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. माझा हात तसाच आहे, डोक्याच्या आधी पोचतो.

मग तो एकजण फोनमध्ये नुसतं चित्र दाखवून मोठ्या सुरीच्या धारेचे पैसे बुडवून गेला. मी दोन दिवस जेवलो नाही. तेव्हा तू मला समोर बसवून नियम घालून दिलास. बाबा, फोनमध्ये कोण काय दाखवतो ते बघूच नका. सूनबाई बोलली तर पैसे मिळाले, नाही बोलली तर नाही मिळाले. मी तो नियम पाठ केला. पाढे कधी पाठ झाले नाहीत माझे, पण हा झाला.

आणि तुझी ती पाळी. ऑन-कॉल म्हणायचास तू. आठवडाभर फोन उशाशी, न्हाणीघरातसुद्धा बादलीच्या कडेला. कुठे डबे अडले की तो वाजायचा, वाजला की दहा मिनिटांत कामाला बसायचं, मग घास तोंडात असो की नसो. दुकान काढायच्या आधी मी गिरणीत दहा वर्षं काढली, तिथे भोंगा झाला की माणूस मोकळा. तुझा भोंगा खिशात. त्या आठवड्यात तीन रात्री तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना तू बसल्या बसल्या पुढे कलंडलास, कप फुटला, काच तुझ्या तळहातात गेली आणि तुला कळलंही नाही. मी ती काच काढली, पट्टी बांधली, तुला आडवा केला. लहानपणी चाकाच्या घरघरीत झोपायचास तसा तू झोपलास, तोंड उघडं टाकून. मग मी दुकानाला गेलो.

आठवडी बाजाराचा दिवस होता. पाय ठेवायला जागा नव्हती. बारा वाजून गेले आणि एकेक डबा मुका व्हायला लागला. लोक पैसे पाठवत होते, डबे बोलत नव्हते. आधी भाजीवालीकडे जुंपली. तिने गिऱ्हाइकाची पिशवी ओढली, त्याने तिला ढकललं, तिच्या भावाने लोखंडी वजन फेकलं ते तिसऱ्याच माणसाच्या गुडघ्यावर. मग भांड्यांच्या दुकानात काच फुटली. चपला, काठ्या, तराजूची पारडी, हाताला येईल ते चाललं होतं. एक म्हातारा माझ्यासमोर पडला आणि त्याच्या पाठीवरून माणसं गेली. ओरडण्यात शब्द दोनच. दिले, आणि नाही मिळाले.

त्यात शिंपी आला. दोन्ही कात्र्या धार लावून तयार होत्या, ऐरणीवर ठेवलेल्या. मी नुकताच एकीचा मधला खिळा ठोकला होता, हातोडी हातातच होती. त्याने फोन दाखवला, म्हणाला, "दिले बघा मामा." मी डब्याकडे पाहिलं. डबा गप्प. मी म्हटलं, थांब. तो थांबला, बिचारा थांबला रे. मग म्हणाला, "सूनबाई रुसली वाटतं. मामा, घरी गिऱ्हाईक बसलंय, मी जातो," आणि त्याने कात्र्यांना हात घातला. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. तुझी पहिली पाटलोण त्याने शिवली होती. पण बाजूला तो गदारोळ, डोक्यात तो चित्र दाखवून गेलेला, आणि पाठ केलेला नियम. मी म्हटलं, ठेव. तो हसला. मी हातोडी मारली.

ऐरणीवर मारलेलं काय होतं ते तुला सांगायला नको. आवाज कात्रीचा आला नाही. तो ओरडलासुद्धा नाही आधी, नुसता अंगठ्याकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग खाली बसला. आणि तुला हे मी कधी सांगितलं नाही, तेवढ्यात सूनबाई बोलली. पैसे मिळाले. तोच गोड आवाज. मागचं तुंबलेलं सगळं तिने एका दमात ओकायला सुरुवात केली, पैसे मिळाले, पैसे मिळाले, आणि शिंपी खाली बसून हलत होता. मी त्याच हातोडीने डबा फोडला. फुटल्यावरही एकदा बोलली.

तू पळत आलास तो तेव्हा. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची ती पट्टी. तीच नडली. कोणीतरी ओरडलं, हाच तो, यानेच डबे बसवले, आणि तुला त्या पट्टीने गुरासारखं ओढलं. किती जणांनी मारलं मी मोजलं नाही. पाठीत लाथ बसली तेव्हा तू आई गं म्हणालास, ते मी ऐकलं. न्हाव्याने मधे पडून सोडवलं. तू तोंडातून रक्त गाळत माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, "बाबा, सात फोन आले होते. दहा मिनिटांचं काम होतं. मी झोपलो." आणि मी काय केलं? सगळ्या बाजारादेखत तुझ्या फुटलेल्या तोंडावर थोबाडीत मारली. म्हटलं, तू झोपलास म्हणून माझ्या हातून हे पाप घडलं. शिंप्यापुढे म्हटलं. तू मान खाली घातलीस आणि शिंप्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंस.

शिंप्याने डॉक्टरला सांगितलं, अंगठा दारात सापडला. माझं नाव घेतलं नाही. त्याच्या बायकोने मात्र घेतलं, आणि बरोबर घेतलं.

काल तुझ्या नावाचा कंपनीचा लखोटा इथल्या पत्त्यावर आला. फोडला, माफ कर. अडखळत वाचला, मग न्हाव्याकडून वाचून घेतला. सोबत पाठवतो आहे. बावीस तारखेला तुला बोलावलं आहे. पाळीवर झोपल्यामुळे कसूर झाली अशा कबुलीवर सही करायची आणि घरी बसायचं. वर लिहिलंय, पुन्हा असं काम कुठे मिळणार नाही. तू सही करशील. मला माहीत आहे. निघताना उंबऱ्यात म्हणाला होतास, "झोपेत माझाच हात लागला असेल, नाहीतर फोनचा आवाज बंद कसा झाला?"

करू नकोस सही. तुझा हात लागला नव्हता. आईच्या वेळी दवाखान्यात तू फोनच्या बाजूची ती बारकी कळ खाली ओढायचास, म्हणजे तो वाजायचा नाही, ते मी पाहून ठेवलं होतं. त्या सकाळी तुझ्या हाताला पट्टी बांधली, पांघरूण घातलं आणि ती कळ मी ओढली. म्हटलं, दोन तास पडू दे पोराला, जग बुडत नाही. तुला थोबाडीत मारली तेव्हाही मला हे ठाऊक होतं. म्हणूनच इतक्या जोरात मारली. हा कागद तुझ्या साहेबांना दाखव. ते म्हणतील पोरानेच लिहून आणला, म्हणून सहीशेजारी शाई लावून अंगठाही उठवला आहे. न्हावी हसला, म्हणाला, चौथी पास होऊन शेवटी अंगठाबहाद्दरच का? म्हटलं, माझा शाबूत आहे तर लागू दे कामाला. उद्या शिंप्याकडे जातो, हेच सांगायला. त्याची बायको पुन्हा काहीतरी फेकून मारेल. मारू दे.

घरी ये असं म्हणत नाही. शिव्या दे, दोनच ओळी टाक, पण बावीसच्या आधी सही केली नाही एवढं कळव. लिहायचं नसेल तर फोन कर. मी तो पुढ्यात घेऊन बसलो आहे. बाजूची कळ वर आहे, तीनदा पाहिली.

तुझाच,
बाबा